काठी, वाटी आणि डोळे: पंचांगातले शब्द आले कुठून

पुण्यात एखाद्या सपाट गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करा. २१ डिसेंबरला भर मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडेल. २१ मार्चला ती साडेतेहेतीस सेंटिमीटर भरेल. आणि २१ जूनला जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडे. गावाचे अक्षांश, पृथ्वीच्या आसाचा कल आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, एवढं सगळं या तीन मापांतून काढता येतं. दुर्बीण नव्हती, लंबकाचं घड्याळ नव्हतं, त्या काळात बाबिलोनपासून चीनपर्यंत सगळीकडे सूर्याचा अभ्यास सुरू झाला तो अशाच उभ्या काठीपासून.

आपल्याकडे या काठीला शंकू म्हणतात. पलभा, घटी, तिथी, नक्षत्र, अधिक मास हे पंचांगातले शब्द आज छापील रकान्यांतच दिसतात, पण त्यांतला प्रत्येक शब्द कुणीतरी प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टीचं नाव आहे. आणि ती गोष्ट आजही मोजता येते.

शंकू कसा लावायचा

ग्रंथांतला शंकू बारा अंगुळांचा, म्हणजे बरोबर एक वीत उंच असतो. आजच्या मापात २२-२३ सेंटिमीटर. मीटरभर काठीवर आकडे वाचायला सोपे जातात, म्हणून इथे तीच घेऊ.

पहिली अट जमिनीची. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात पाण्याने सपाटी तपासून घ्यायला सांगितलं आहे, आणि आज गवंडी पाणसळीने तेच करतो. जमीन अर्धा अंश जरी कलती असेल, तरी सावलीच्या मापात तेवढी चूक शिरते आणि ती नंतर काढता येत नाही. दुसरी अट काठी ओळंब्यात असण्याची. ओळंबा दोन बाजूंनी धरून पाहायचा, एका बाजूने पाहून भागत नाही.

दिशा काढायची रीत शुल्बसूत्रांपासून, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांपासून चालत आली आहे. काठीचं बूड मध्य धरून एक वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक वर्तुळाबाहेर असतं. ती आखडत आखडत ज्या क्षणी टोक वर्तुळाला टेकेल, तिथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत बाहेर जाईल, तेव्हा टोक वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. उत्तर-दक्षिण रेषेसाठी दोन्ही खुणांवरून सारख्या त्रिज्येचे दोन कंस काढायचे. ते एकमेकांना छेदून माशाच्या आकाराची आकृती होते, म्हणून ग्रंथांत तिला मत्स्यच म्हटलं आहे. माशाच्या तोंडातून शेपटीकडे जाणारी रेषा ती उत्तर-दक्षिण.

वर्तुळं एकाऐवजी तीन-चार काढून ठेवावीत. ऐन वेळी ढग आला तर एका वर्तुळाची खूण हुकते, बाकीची हाताशी राहतात.

या रीतीत एक बारीक चूक लपलेली आहे. सकाळच्या आणि दुपारच्या खुणेमध्ये पाच-सहा तास जातात, आणि तेवढ्यात सूर्य स्वतः थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये हा सरकाव सर्वांत जास्त, तासाला सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. मीटरभर लांबीच्या रेषेत त्यामुळे मिलिमीटरभराचा फरक पडतो. घर बांधायला तो नगण्य आहे, पण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सिद्धान्तशिरोमणीत त्याचीही दुरुस्ती दिली आहे. डिसेंबर आणि जूनच्या अयनाच्या दिवशी, म्हणजे सूर्य दक्षिणेचं किंवा उत्तरेचं टोक गाठून वळतो तेव्हा, हा दोष जवळजवळ शून्य असतो, म्हणून दिशा काढायला ते दिवस उत्तम.

आता मध्यान्हाबद्दल. घड्याळात बारा वाजले की मध्यान्ह झाली, असं धरून मोजलं तर सगळे आकडे चुकतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, आणि पुणे आहे ७३.८५ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं या हिशेबाने पुण्यात सूर्य साधारण ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात सूर्याची वर्षभरातली चाल कमीजास्त असल्यामुळे आणखी चढउतार होतो, म्हणून पुण्याचा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटांनी येतो. घड्याळ बाजूला ठेवा आणि सावली उत्तर-दक्षिण रेषेवर आली की मोजा.

सावलीचं टोक धूसर का दिसतं

हे करून पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती हीच. सूर्य म्हणजे बिंदू नाही, अर्धा अंश रुंदीचं बिंब आहे. त्याच्या वरच्या कडेची सावली वेगळी, खालच्या कडेची वेगळी. डिसेंबरात मीटरभर काठीच्या सावलीचं टोक त्यामुळे दीड सेंटिमीटरहून जास्त पट्ट्यात विरत जातं. काठी उंच केली तर सावली वाढते, पण धूसर पट्टाही त्याच प्रमाणात वाढतो. नुसत्या उंचीने प्रश्न सुटत नाही.

चीनमध्ये तेराव्या शतकात क्वो शौचिंग या ज्योतिर्विदाने यावर सुंदर तोड काढली. काओचंगच्या वेधशाळेत त्याने ४० चिनी फूट उंचीवर एक आडवी दांडी बसवली आणि जमिनीवरच्या मोजपट्टीवर सरकवता येईल अशी बारीक छिद्राची पत्री घेतली. छिद्रातून सूर्याचं छोटं बिंब पट्टीवर पडतं. बिंबाच्या बरोबर मधून दांडीची बारीक रेघ गेली की ते अचूक माप. तिथल्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचं धरलं गेलं. युरोपात ग्रेगोरियन पंचांगाने हाच आकडा तीनशे वर्षांनी घेतला.

घरी याचीच सोपी आवृत्ती करता येते. काठीच्या टोकाला जाड पुठ्ठा आडवा लावा आणि त्याला पाच मिलिमीटरचं छिद्र पाडा. सावलीत एक गोल कवडसा पडेल. त्याचा मध्य मिलिमीटरपर्यंत खुणावता येतो. यात दोन गोष्टी विसरू नका: उंची मोजायची ती छिद्राची, आणि अंतर मोजायचं ते छिद्रातून सोडलेला ओळंबा जमिनीला जिथे टेकतो तिथपासून. सूर्याकडे थेट पाहायची यात कुठेच गरज नाही, आणि पाहूही नये.

पलभा: गावाचा पत्ता

आता सुरुवातीचे आकडे घेऊ. ९० सेंटिमीटर सावली म्हणजे सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ४२ अंश दक्षिणेला. जूनमधली साडेआठ सेंटिमीटर सावली दक्षिणेकडे पडली, म्हणजे सूर्य जवळपास ५ अंश उत्तरेला. दोन्हींची बेरीज ४७, तिची निम्मी साडेतेवीस, हा आसाचा कल. वजाबाकी ३७, तिची निम्मी साडेअठरा, हे पुण्याचे अक्षांश. भारतीय ग्रंथांत कलासाठी २४ अंश हा गोळाबेरीज आकडा वापरात होता.

वर्षभर थांबायचं नसेल तर विषुवदिनाची, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असतात त्या दिवसाची, एकच सावली पुरते. त्या दिवशी बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची सावली जितकी अंगुळं, ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळं, आणि योगायोगाने ती अगदी पूर्णांकात येते. नागपूरची साडेचारच्या थोडी वर, पणजीची सव्वातीनच्या थोडी पुढे, उज्जैनची पाच अंगुळांहून किंचित जास्त. उत्तरेला जाल तशी पलभा वाढते. पुस्तकातले अंश-कला न समजणाऱ्यालाही हे माप काढता येत होतं, आणि पंचांगकर्त्याला एवढ्याच आकड्यावर आपल्या गावचा सूर्योदय बसवता येत होता.

कसा, ते पाहण्यासारखं आहे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ग्रहलाघव रचलं. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून होत राहिली. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) कोष्टकं न वापरता नुसत्या गुणाकार-भागाकारावर गणित उरकायचं. त्यात दिनमानाचा, म्हणजे दिवसाच्या लांबीचा नियम असा: पलभेला तीन ठिकाणी मांडा, पहिल्या ठिकाणी दहाने गुणा, दुसऱ्या ठिकाणी आठाने, तिसऱ्या ठिकाणी दहाने गुणून तिनाने भागा. श्लोकात आकडे शब्दांनी येतात, आठासाठी भुजंग, दहासाठी दिक् आणि तिनासाठी गुण, म्हणजे पाठही होतं आणि नक्कल करताना आकडा चुकत नाही.

पुण्याची पलभा ४. मग तीन आकडे आले ४०, ३२ आणि १३ पूर्णांक एक तृतीयांश. बेरीज ८५ पळांच्या थोडी वर. एक पळ २४ सेकंदांचं, म्हणजे ३४ मिनिटं. याचा अर्थ, २१ जूनला सूर्य सहाच्या सरासरीपेक्षा ३४ मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. दिवस झाला १३ तास ८ मिनिटांचा. त्रिकोणमितीने काढलं तर या ३४ मिनिटांच्या जागी साडेतेहेतीसच्या आत येतात. बोटांवर करता येणाऱ्या गुणाकाराने इतक्या जवळ जाणं ही मोठी करामत आहे. प्रत्यक्ष घड्याळात दिवस आणखी सातेक मिनिटं मोठा भरतो, कारण हवेमुळे सूर्य क्षितिजावर थोडा उचललेला दिसतो आणि आपण उदय धरतो तो बिंबाच्या वरच्या कडेचा.

गावागणिक आकडा का बदलावा लागतो, याचं जुनं उदाहरण वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात आहे. तिथे सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा सांगितला आहे. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. म्हणजे १४ तास २४ मिनिटांचा दिवस. हे प्रमाण साधारण ३५ अंश अक्षांशाजवळ, काश्मीर-गांधाराच्या बाजूला जुळतं. पुण्यात ते कधीच जुळणार नाही.

अयनाचा दिवस नेमका कोणता

सावली सर्वांत लांब झाली तो दिवस अयनाचा, हे ऐकायला सोपं आहे. मोजायला गेलात तर २१ डिसेंबरच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर सावलीत तीनेक मिलिमीटरचाच फरक दिसेल. टोकच दीड सेंटिमीटर धूसर असताना यातून दिवस कसा निवडणार? म्हणून जुने निरीक्षक अयनाच्या दिवशी मोजतच नसत. वीसेक दिवस आधी एक सावली मोजून ठेवायची, मग अयनानंतर तितकीच सावली पुन्हा कधी येते ते पाहायचं. दोन तारखांचा मध्य तो अयनाचा दिवस. त्या काळात सावली रोज पुरेशी बदलत असते, म्हणून चूक लहान राहते. पाचव्या शतकात चीनच्या त्सू छुंगच्रने याच रीतीने अयनाचा क्षण दिवसाच्या अंशापर्यंत काढला.

क्षितिजावरूनही हेच दिसतं. पुण्यातून पाहिलं तर सूर्योदयाची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना २५-२५ अंश सरकते. विषुवदिनाच्या सुमारास ती रोज जवळपास एका सूर्यबिंबाइतकी सरकते, अयनाजवळ आठवडाभर थबकल्यासारखी वाटते. समोर डोंगराची रांग असेल तर एखादी खिंड किंवा सुळका धरून ठेवावा. पाहायची जागा मात्र रोज तीच हवी, गच्चीवर चार पावलं इकडेतिकडे झाली तरी जवळचा सुळका सरकतो.

रात्रीची वेळ: घटिकापात्र

सूर्य मावळला की शंकूचं काम संपतं. मग वेळ मोजायला तांब्याची वाटी. बुडाला बारीक छिद्र असलेली ही वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. पाणी खालून भरत जातं, वाटी बुडते, ती एक घटका. दिवसरात्र मिळून साठ घटका, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. घटकेची साठ पळं. 'घटकाभर टेका' म्हणताना आपण याच वाटीचं नाव घेतो, आणि लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायची रीत होती तीही हीच.

काही ग्रंथांत वाटीचं वजन, रुंदी, छिद्र पाडायच्या सोन्याच्या सुईची लांबी असं सगळं ठरवून दिलेलं आहे. भास्कराचार्य या मापांच्या नादी लागत नाहीत. ते म्हणतात, घड्याच्या खालच्या अर्ध्या भागासारखी तांब्याची वाटी करा, तिला बुडाला छिद्र पाडा, एका दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि साठाला त्या संख्येने भागा. जे येईल ते तुमच्या वाटीचं मान. वाटी ७२ वेळा बुडली तर ती पाऊण घटकेपेक्षा थोडी जास्त, पाच षष्ठांश घटका दाखवते, एवढं लक्षात ठेवून खुशाल वापरा. यंत्र कसं तपासावं याचा याहून शहाणा सल्ला मिळणं कठीण.

बिघडतं ते छिद्र. जड पाण्यातला क्षार साचून ते आखडतं आणि घटका लांबते. घासताना ते रुंद झालं तर घटका आखूड होते. थंड पाणी जरा दाट असतं, बारीक छिद्रातून हळू शिरतं, म्हणून थंडीत पहाटे वाटी उशिरा बुडते. पाणी गाळून घ्यावं आणि वाटी महिन्यातून एकदा पूर्ण दिवसरात्रीवर तपासावी.

चंद्र: आकाशातला काटा

दिवसा तारे दिसत नाहीत, मग सूर्य कोणत्या ताऱ्यांमध्ये आहे हे कळणार कसं? याचं उत्तर पौर्णिमेचा चंद्र देतो. तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ दिसला, की सूर्य त्याच्या विरुद्ध बाजूला, विशाखा-अनुराधेच्या भागात. म्हणून तर महिन्यांना नावं पौर्णिमेच्या नक्षत्रांची: चित्रेचा चैत्र, मृगशीर्षाचा मार्गशीर्ष, पुष्याचा पौष, मघेचा माघ. दर वर्षी चंद्र नेमका त्याच नक्षत्रात सापडेल असं नाही, एखादं नक्षत्र मागेपुढे होतं.

चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या बिंबाइतका पूर्वेकडे सरकतो. रोहिणीच्या ताऱ्याजवळ चंद्र असेल त्या रात्री हे तासाभरात डोळ्यांना दिसतं. दिवसाला सुमारे १३ अंश, म्हणजे सव्वासत्तावीस दिवसांत पूर्ण फेरी, म्हणून नक्षत्रं सत्तावीस. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, ताणलेली वीत २० अंशांची. चंद्राची रोजची चाल मुठीपेक्षा थोडी जास्त.

तिथी हे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर आहे. दर १२ अंशांना एक तिथी. दोघांचीही चाल एकसारखी नसते, म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी जवळपास सत्तावीस तास चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी आखूड तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधी संपली, तर तिच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही, आणि आपण तिचा क्षय झाला म्हणतो. लांब तिथीला दोन सूर्योदय मिळाले की वृद्धी.

बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस, सौर वर्षाचे ३६५. अकरा दिवसांची ही तूट साडेबत्तीस महिन्यांत एका महिन्याएवढी होते. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलत नाही तो अधिक. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. वेदांगज्योतिषाचा हिशेब जास्त ढोबळ होता: पाच वर्षांत १८३० दिवस, ६२ चांद्रमास, त्यांतले दोन अधिक. चंद्राशी हा मेळ पाच वर्षांत एका दिवसाच्या आत बसतो, पण सूर्याच्या पाच वर्षांचे दिवस होतात १८२६. दर पाच वर्षांना पंचांग ऋतूंच्या चार दिवस मागे पडणार, म्हणजे अधूनमधून अयन पाहून दुरुस्ती करणं भाग होतं.

ताऱ्यांचं घड्याळही सरकतं

ग्रीसमध्ये हिप्पार्कसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात चंद्रग्रहणांचा आधार घेऊन चित्रा ताऱ्याची जागा मोजली. ग्रहणात चंद्र सूर्याच्या अचूक समोर असतो, त्यामुळे माप पक्कं मिळतं. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी तिमोखारिस या ग्रीक ज्योतिर्विदाने हाच तारा शरद संपातापासून, म्हणजे सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य आकाशात जिथे असतो त्या बिंदूपासून, ८ अंशांवर मोजला होता, हिप्पार्कसला तो ६ अंशांवर मिळाला. तारा हलला नव्हता, संपातबिंदू हलला होता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि संपात ७२ वर्षांत एक अंश मागे जातो.

शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज त्या पुण्यात पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला उगवतात. मुरूड-दापोलीचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी या वाक्यावरून गणित मांडून काळ काढला, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. गणित बरोबर आहे. निरीक्षणाची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. कृत्तिका हा मंद ताऱ्यांचा पुंजका आहे, तो क्षितिजाला टेकलेला असताना धुक्यात दिसत नाही. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावर तो पाच अंश वर येईपर्यंत जवळजवळ तीन अंश दक्षिणेला सरकलेला असतो. आणि तीन अंशांची चूक म्हणजे काळात पाचएकशे वर्षांचा फरक.

हाच सरकाव तुमच्या काठीवरही दिसतो. मकरसंक्रांतीला उत्तरायण लागतं, असं आपण म्हणतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ते खरंच त्या दिवशी लागत होतं. तेव्हापासून संपात २४ अंश मागे गेला आहे. येत्या १४ जानेवारीला तिळगूळ वाटून झाला की साडेबाराच्या पुढे गच्चीवर जा, सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येऊ द्या आणि मोजा. पुण्यात ती ८३ ते ८४ सेंटिमीटर भरेल. डिसेंबरातल्या ९० च्या खुणेपासून सहा सेंटिमीटर आत, उत्तरायण सुरू होऊन चोवीस दिवस झालेले.